पंपावर की पंपाशिवाय? बायपासच्या आदल्या दिवशी नातेवाईक विचारतात ते प्रश्न

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणारी. रुग्णाच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ उभे असतात, छातीशी सर्जन, आणि थोडं मागे नळ्यांच्या जंजाळात मी बसलेली असते. रुग्णाची नि माझी शुद्धीत असताना फारशी भेट होत नाही. नातेवाईक मात्र आदल्या संध्याकाळी संमतिपत्रावर सही करताना हमखास गाठतात, कारण त्या कागदावर 'पंप' हा शब्द दिसतो आणि पोटात गोळा येतो. तेच ते प्रश्न किती वर्षं तोंडी सांगायचे, म्हणून एकदाचे लिहून काढले. तुमच्या रुग्णाचं काय करायचं ते सर्जन अँजिओग्राफी बघून ठरवतील. ते कशाच्या आधारावर ठरवतात, एवढंच मी सांगू शकते.

डॉक्टर म्हणाले, "पंपिंग ३५ टक्के आहे." म्हणजे पंप लावावाच लागणार ना?

या दोन शब्दांनी जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशाने नसेल. 'पंपिंग' म्हणजे टू-डी एकोमध्ये दिसतं ते. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, त्याचा आकडा. निरोगी माणसाचाही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. त्यामुळे "साठच टक्के उरलंय हो" म्हणून रडायचं कारण नाही.

'पंप' म्हणजे माझं यंत्र. ऑपरेशनपुरतं हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम ते करतं. पंपिंग कमी असलेल्यांचं ऑपरेशन पंपाशिवायही होतं आणि उत्तम पंपिंग असलेल्यांचं पंपावरही होतं.

बायपासमध्ये नेमकं करतात काय? ब्लॉकेज काढून टाकतात का?

ब्लॉकेज जागच्या जागीच राहतं. त्याच्या पुढे नवी वाट जोडून देतात, गावातून जाणाऱ्या अरुंद रस्त्याला बाहेरून वळणरस्ता काढावा तशी. वाटेसाठी रक्तवाहिनी, म्हणजे ग्राफ्ट, रुग्णाच्याच अंगातली घेतात: छातीच्या आतल्या बाजूची धमनी, पायाची शीर, कधी मनगटाजवळची धमनी. ज्या कोरोनरी धमनीला ती जोडायची तिचा व्यास दीड-दोन मिलिमीटर, आणि शिवायचा धागा केसाइतका बारीक. एवढी बारीक शिवण हलत्या वस्तूवर घालायची की ती वस्तू आधी थांबवायची, हाच दोन पद्धतींमधला सगळा वाद.

पंपावर ऑपरेशन म्हणजे काय काय होतं?

छातीचं मधलं हाड उभं कापून हृदय उघडं केल्यावर आधी हेपारिन देतात, म्हणजे रक्त गोठणार नाही. ते पुरेसं लागू झालं का हे मी रक्ताचा थेंब तपासून बघते. गोठायला एरवी दोनेक मिनिटं लागतात, ती वेळ ४८० सेकंदांच्या वर गेली की मी "एसीटी ओके" म्हणते. एसीटी म्हणजे हीच गोठायची वेळ. त्याआधी पंप चालू करायचा नाही म्हणजे नाही, कारण यंत्रात गुठळी झाली तर खेळ खलास.

मग हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, एक जाड नळी घालतात. तिच्यातून काळपट रक्त माझ्याकडे येतं. ऑक्सिजनेटर नावाच्या डब्यातून फिरून ते लालभडक होतं आणि दुसऱ्या नळीने महाधमनीत परत जातं. मध्यम बांध्याच्या माणसाला मिनिटाला साधारण चार लिटर. हे सुरू झालं की भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर बंद करतात. फुफ्फुसं पडून राहतात आणि सर्जनसमोरचं हृदय रिकामं, मऊ होतं.

आता महाधमनीला चिमटा लावतात आणि पोटॅशियम असलेलं थंड द्रावण हृदयाच्या धमन्यांत सोडतात. ते कार्डिओप्लेजिया. मॉनिटरवरचे टोकदार ठोके आधी रुंद आणि आळसट होतात, मग नुसती सरळ रेघ उरते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. आता ती रेघ लवकर सरळ झाली नाही तर काळजी वाटते, कारण अर्धवट थांबलेलं हृदय उगाच शक्ती खर्च करत राहतं. दर वीसेक मिनिटांनी द्रावणाचा पुढचा डोस जातो. काही द्रावणं त्याहून जास्त वेळ पुरतात.

तीन-चार ग्राफ्ट जोडून झाले की चिमटा काढतात. हृदयात परत गरम रक्त शिरतं, पोटॅशियम धुऊन जातं आणि बहुतेक वेळा ते आपणहून फडफडतं नि मग ठोके धरतं. मी हळूहळू पंप कमी करत जाते: चार लिटर, तीन, दोन, एक, बंद. शेवटी प्रोटामिन देऊन हेपारिन उतरवतात.

हृदय बंद केलं आणि परत चालूच झालं नाही तर?

साताऱ्याकडच्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "बाई, माझं काळीज भाईर काढून ठिवनार का?" काढत नाहीत. ते जागेवरच असतं, फक्त निजलेलं. पोटॅशियम निघून गेल्यावर परत धडधडणं हा त्याचा स्वभावच आहे. ठोके वेडेवाकडे पडले तर हृदयाला थेट छोटासा झटका देतात आणि ते ताळ्यावर येतं. ठोके मंद असले तर काही दिवस तात्पुरत्या पेसमेकरच्या तारा लावून ठेवतात.

अवघड वेळ येते ती वेगळी. हृदय चालू होतं, पण दमलेलं असतं आणि पंप कमी केला की प्रेशर पडतं. मग औषधं, मांडीतून घातलेला बलूनचा आधार, आणखी थोडा वेळ पंप. मुळात हृदय किती कमजोर होतं यावर हे बरंच अवलंबून असतं.

मग पंपाशिवाय, म्हणजे बीटिंग हार्टवर, ते कसं शिवतात? हलत नाही का?

हलतं तर! पूर्ण हृदय थांबवत नाहीत, फक्त जिथे टाका घालायचा तेवढी टपालाच्या तिकिटाएवढी जागा स्थिर करतात. त्यासाठी स्टॅबिलायझर असतो: दोन बोटांचा काटा, खाली बारीक चोखणारी छिद्रं. ती हृदयाच्या पृष्ठभागाला धरून ठेवतात. काट्याच्या दोन बोटांमधली जागा शांत आणि भोवतालचं हृदय मात्र उसळतंय, असं ते दृश्य असतं. धमनी उघडल्यावर रक्त येतं, म्हणून आत सिलिकॉनची इवलीशी नळी घालतात. तिच्यातून रक्त पुढे जात राहतं आणि स्नायू उपाशी राहत नाही. मदतनीस कार्बन डायऑक्साइडची बारीक फुंकर मारत राहतो, म्हणजे टाका दिसतो.

समोरच्या भिंतीवरची मुख्य धमनी, एलएडी, सगळ्यात सोपी, म्हणून सहसा तिच्यापासून सुरुवात. खरी कसोटी मागच्या आणि बाजूच्या धमन्यांची. त्यासाठी हृदय उचलून त्याचं टोक छताकडे करावं लागतं. चालू हृदय असं उभं केलं की त्यात रक्त नीट भरत नाही आणि प्रेशर कोसळतं. तेव्हाचं थिएटरमधलं बोलणं मला तोंडपाठ आहे. सर्जन म्हणतात, "उचलतोय." भूलतज्ज्ञ म्हणतात, "थांबा, साठवर आलंय." "सोडलं." अर्धा मिनिट कुणी काही बोलत नाही. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करतात, थोडं सलाइन, थोडं औषध. "हां, आता घ्या." बीटिंग हार्ट चांगली होणं न होणं निम्मंअधिक भूलतज्ज्ञाच्या हातात असतं, हे माझं पक्कं मत. त्यांचं नाव मात्र कोणी विचारत नाही!

तेव्हा तुम्ही काय करता?

यंत्र तयार ठेवून बसते. गरज पडली तर काही मिनिटांत चालू करता आलं पाहिजे. ज्या दिवशी मी काहीच केलं नाही, तो दिवस सगळ्यांना छान गेला असं समजायचं.

बीटिंग हार्ट म्हणजे छाती न उघडता, छोट्या छेदातून करतात तीच ना?

नाही. नेहमीच्या बीटिंग हार्ट बायपासमध्येही छातीचं हाड पूर्ण कापतात, तारांनी शिवतात, आणि ते भरून यायला तेवढेच दोन-तीन महिने लागतात. डाव्या बाजूला बरगड्यांमधून लहान छेद घेऊन करतात ते वेगळं ऑपरेशन. ते बहुधा पंपाशिवाय असतं, पण सगळ्यांना चालत नाही. मुख्यतः समोरच्या एक-दोन धमन्यांसाठी. जाहिरातींमध्ये हे दोन्ही एकाच वाक्यात येतं आणि लोक गोंधळतात. "हाड कापणार का?" हा प्रश्न स्वतंत्र विचारा.

पंपाशिवायची पद्धत नवीन, म्हणजे सुधारित आहे का?

गंमत अशी की धडधडत्या हृदयावरचा जोड जुनाच आहे. अमेरिकेत जॉन गिबन यांनी १९५३ च्या मे महिन्यात हृदय-फुफ्फुस यंत्र वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, ते हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बुजवण्याचं होतं. पण छातीतली धमनी कोरोनरीला शिवण्याचं काम लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये केलं ते पंपाविना, चालू हृदयावर. पुढे १९६७ मध्ये अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडमध्ये पायाची शीर वापरून बायपास रुळवली. पंप भरवशाचे झाले आणि सगळं जग पंपाकडे वळलं, कारण थांबलेल्या हृदयावर शिवणं शिकायला आणि शिकवायला सोपं.

भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईत पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केल्याचं मानलं जातं.

१९८० च्या दशकात ब्राझीलमध्ये एनियो बुफोलो आणि अर्जेंटिनात फेदेरिको बेनेट्टी यांनी पंपाशिवायच्या ऑपरेशनांची मोठी संख्या जगासमोर ठेवली. तिकडे ऑक्सिजनेटरचा खर्च हेही एक कारण होतं. मग नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटाने 'ऑक्टोपस' नावाचा चोखणारा स्टॅबिलायझर बनवला आणि मागच्या धमन्याही आवाक्यात आल्या. तेव्हा वाटलं होतं की माझ्यासारख्यांची नोकरी जाणार. गेली नाही, हे तुम्ही बघताच आहात.

दोन्हींची तुलना करून बघितलीय का कुणी?

भरपूर. त्यातले तीन अभ्यास मोठे आहेत, आणि त्यांचं म्हणणं वरवर बघता एकमेकांशी जुळत नाही. म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिला 'रूबी', अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला, २,२०३ रुग्णांचा, २००९ मध्ये आलेला. चिठ्ठी टाकावी तसं कुणाला पंपावर, कुणाला पंपाशिवाय घेतलं. एका वर्षाने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास यांपैकी काहीतरी झालेले पंपाशिवायच्या गटात ९.९ टक्के, पंपाच्या गटात ७.४ टक्के. परत अँजिओग्राफी केली तेव्हा पंपाशिवायच्या गटातले ८२.६ टक्के ग्राफ्ट उघडे होते, पंपाच्या गटातले ८७.८ टक्के. पाच वर्षांनी मृत्यूचं प्रमाण १५.२ विरुद्ध ११.९ टक्के. म्हणजे पंप सरस.

दुसरा 'कोरोनरी' नावाचाच, २०१२ चा. १९ देश, ७९ केंद्रं, ४,७५२ रुग्ण, आणि त्यात भारतही होता. महिन्याभराने मृत्यू दोन्हीकडे २.५ टक्के. पाच वर्षांनी मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक, डायलिसिस किंवा पुन्हा प्रक्रिया, सगळं धरून पंपाशिवाय २३.१ आणि पंपावर २३.६ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरी. तिसरा जर्मनीतला, ७५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या २,५३९ रुग्णांचा, २०१३ चा. तिथेही वर्षभरात लक्षणीय फरक निघाला नाही.

मग रूबीत असं का झालं? सर्जन बघा. 'कोरोनरी'त भाग घ्यायला त्या पद्धतीच्या शंभराहून जास्त शस्त्रक्रियांचा अनुभव हवा होता. रूबीत पंपाशिवायच्या वीस केसेस पुरेशा होत्या आणि बरीच ऑपरेशनं शिकाऊ डॉक्टरांच्या हातून झाली. आठांतल्या एकाला, म्हणजे १२.४ टक्के रुग्णांना अर्ध्यातून पंपावर घ्यावं लागलं. ठरवले होते त्याहून कमी ग्राफ्ट बसले असंही पंपाशिवायच्या गटात जास्त वेळा घडलं. मला यातून दिसतं ते असं: पंप ही चूक माफ करणारी पद्धत आहे. पंपाशिवायची पद्धत रोज करणाऱ्याच्या हातात तेवढीच चांगली, आणि अधूनमधून करणाऱ्याच्या हातात धोक्याची.

पंपामुळे पक्षाघात होतो म्हणतात. खरं का?

पंपाला बोल लावतात, पण बऱ्याचदा दोष महाधमनीला लावलेल्या चिमट्याचा असतो. साठीपुढच्या माणसाच्या महाधमनीत चरबीचा, चुन्याचा थर असतो. तिला चिमटा लावला की त्यातला कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. आता गंमत बघा: पंपाशिवाय केलेल्या ऑपरेशनातही पायाच्या शिरेचं दुसरं टोक महाधमनीलाच जोडतात, आणि त्यासाठी अर्धा चिमटा लावतातच. 'कोरोनरी' अभ्यासात महिन्याभरात पक्षाघाताचं प्रमाण पंपाशिवाय १.० आणि पंपावर १.१ टक्के निघालं ते याच्याशी सुसंगत आहे.

खरा फायदा मिळतो तो महाधमनीला हातच लावला नाही तर. छातीतल्या दोन्ही बाजूंच्या धमन्या वापरायच्या आणि तिसरा ग्राफ्ट त्यांनाच इंग्रजी 'वाय'सारखा जोडायचा. याला 'नो-टच' म्हणतात. महाधमनी अंड्याच्या कवचासारखी कडक झाली असेल तर याला तोड नाही. ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेलाय त्यांनी "महाधमनीला चिमटा लावणार का?" हे जरूर विचारावं.

पंपानंतर बाबा विसराळू होतील का?

'पंपहेड' हा शब्द इंटरनेटवर सापडतो आणि मग झोप उडते. २००१ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात घरी जाताना निम्म्याहून जास्त रुग्णांची आकलनशक्ती घसरलेली आढळली, पाच वर्षांनीही बऱ्याच जणांची. पण त्यात ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना नव्हती. नंतर ती केली तेव्हा दिसलं की वय, मधुमेह, रक्तदाब आणि मेंदूच्याच बारीक धमन्यांतला आजार यांचाही मोठा वाटा आहे. नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धतींच्या रुग्णांना पाच वर्षं तपासलं, फरक नव्हता.

आयसीयूत दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस बरळतो, सलाइन उपटतो, बायकोला ओळखत नाही, ते वेगळं. ते दोन्ही पद्धतींत होतं आणि बहुधा काही दिवसांत निवळतं. भेटीच्या वेळात त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन जा. दिवस कुठला, वेळ काय, ते हळू आवाजात सांगा. औषधाइतकाच याचाही उपयोग होतो.

क्रिएटिनिन वाढलेलं आहे. किडनीसाठी कुठलं बरं?

सुरुवातीच्या दिवसांत किडनीवर येणारा ताण पंपाशिवाय थोडा कमी दिसतो. 'कोरोनरी'त ही तात्पुरती किडनीची इजा पंपाशिवाय २८ टक्के आणि पंपावर ३२.१ टक्के होती. पण डायलिसिस लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, आणि वर्षाने बघितलं तर किडनीत फरक उरला नव्हता. तरी क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर बरेच सर्जन पंप टाळतात, मला ते पटतं. एक मात्र बघा: अँजिओग्राफीचं औषध किडनीतून जातं, त्यामुळे घाई नसेल तर अँजिओग्राफी आणि ऑपरेशन यांत काही दिवस सोडलेले बरे.

रक्त किती बाटल्या लागतील?

पंपाच्या नळ्या आधी लिटरभर, कधी त्याहून जास्त द्रवाने भरलेल्या असतात. ते रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून पंपावर रक्त जास्त लागतं. 'कोरोनरी'त पंपाशिवायच्या ५०.७ टक्के रुग्णांना रक्त किंवा रक्तघटक द्यावे लागले, पंपावरच्या ६३.३ टक्के. हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या, चणीने लहान बाईला हा फरक जाणवतो. वजनदार, हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाला नाही. रक्तदाते तयार ठेवायला सांगितलं तर दोन्ही वेळेला ठेवा.

आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या! क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. पण स्टेंट असलेल्यांचा हिशोब वेगळा असतो. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच काही बंद करू नका.

डॉक्टर आधी बीटिंग हार्ट म्हणाले, बाहेर येऊन म्हणाले पंपावर घ्यावं लागलं. काहीतरी चुकलं का?

दर वेळी नाही. छाती उघडल्यावर कधी धमनी स्नायूच्या आत बुडालेली सापडते, कधी हृदय इतकं मोठं असतं की उचलताच प्रेशर पडतं. अशा वेळी सर्जन शांतपणे "पंपावर जाऊ" म्हणाले तर तो शहाणपणाच. मला भीती वाटते ती उशिराची. एका ठिकाणी, फार वर्षांपूर्वी, मागच्या धमनीसाठी चौथ्यांदा हृदय उचललं तेव्हा ते फडफडायला लागलं. सर्जन हाताने हृदय दाबताहेत, दुसरा नळ्या घालतोय आणि मी हेपारिनची वेळ मोजतेय. ते गृहस्थ पुढे बरे झाले, पण तेरा दिवस आयसीयूत होते. अशा घाईच्या बदलात धोका दोन्ही पद्धतींपेक्षा जास्त असतो. दुसऱ्यांदा उचलतानाच पंपावर गेलो असतो तर, असं मला अजून वाटतं.

एक मधला मार्गही आहे: पंप लावायचा, पण हृदय थांबवायचं नाही. पंप प्रेशर सांभाळतो, सर्जन हलत्या हृदयावर शिवतात. कमजोर हृदयाला कधीकधी हेच मानवतं.

मग कुणाला काय?

नियम नाही, कल सांगते. महाधमनीत चुना, आधी पक्षाघात, यकृत किंवा फुफ्फुसं खराब, किडनी अडलेली: पंपाशिवायकडे कल. धमन्या फार बारीक किंवा स्नायूत बुडालेल्या, हृदय खूप मोठं, प्रेशर आधीच डळमळीत: पंपाकडे. बायपासबरोबर झडपही बदलायची असेल तर प्रश्नच मिटला, पंप लागणार. मधल्या मोठ्या गटात, म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत, सर्जनला ज्याची सवय तीच पद्धत.

दुसऱ्यांदा बायपास असेल तर जुने ग्राफ्ट हाडाला चिकटलेले असतात आणि छाती उघडणं हेच अर्धं ऑपरेशन. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० ची, दुसरी पंतप्रधान असताना जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या टीमने केली. म्हणजे दुसऱ्यांदा होतच नाही असं नाही.

अमेरिकेत मुलगा म्हणतो तिकडे सगळे पंपावरच करतात. आपल्याकडे बीटिंग हार्ट एवढी का?

मुलगा बरोबर सांगतोय. तिकडे बहुसंख्य बायपास पंपावर होतात. भारतात आणि जपानमध्ये पंपाशिवायचं प्रमाण खूप मोठं आहे. आपल्याकडे ऑक्सिजनेटर एकदाच वापरून टाकायचा असतो, त्याचा खर्च, रक्ताची टंचाई, आणि एक अख्खी पिढी याच पद्धतीत तयार झाली, त्यामुळे हात बसलाय. म्हणून रूबीचे आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण "आम्ही शंभर टक्के बीटिंग हार्टच करतो" असं कुणी अभिमानाने सांगितलं की माझी भुवई वर जाते. शंभरातल्या एखाद्याला तरी पंप हवाच असतो.

खर्चात फरक पडतो का?

बहुतेक रुग्णालयं बायपासचं एकच पॅकेज सांगतात. त्यात काय धरलंय ते लेखी घ्या: आयसीयूचे किती दिवस, रक्त, बलूनचा आधार लागला तर. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधी मंजुरी घ्यायची. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

सर्जनना काय विचारू? रागावणार नाहीत ना?

मोजके विचारले तर नाही रागावत. किती ग्राफ्ट ठरवलेत, आणि पंपाशिवाय केलं तर ते सगळे बसतील का? एलएडीला छातीतली धमनीच लावणार ना? तुम्ही नेहमी कोणती पद्धत करता? कोणत्या परिस्थितीत पंपावर जाल? यातला पहिला सगळ्यात महत्त्वाचा. पंप टाळला पण चारऐवजी दोनच ग्राफ्ट झाले, तर तो सौदा तोट्याचा.

छातीतल्या धमनीचा आग्रह का, तर एलएडीला जोडलेली ती दहा वर्षांनी दहातल्या नऊ जणांत उघडी असते. पायाच्या शिरांपैकी तोवर जवळपास निम्म्या बंद पडलेल्या असतात. पंप होता की नव्हता, यापेक्षा या गोष्टीने पुढची वर्षं जास्त ठरतात.

घरी गेल्यावर काही वेगळं करायचं का?

पथ्य, चालणं, श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं खेळणं, छातीला उशी धरून खोकणं, सगळं तेच. पंपाशिवायच्या रुग्णांचं रक्त ऑपरेशननंतर जरा लवकर गोठू बघतं, म्हणून ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलही बऱ्याचदा देतात. "दोन-दोन कशाला" म्हणून एक सोडू नका.

डिस्चार्ज कार्डावरचं काही कळत नाही. त्यात काय बघू?

'सीएबीजी' म्हणजे बायपास. नुसतं तेवढंच लिहिलं असेल तर बहुधा पंपावर झालं, आधी 'ओपी' जोडून 'ओपीसीएबीजी' असेल तर पंपाशिवाय. त्यापुढे गुणिले तीन किंवा चार, म्हणजे तेवढे ग्राफ्ट. कंसात 'लिमा ते एलएडी', 'एसव्हीजी ते ओएम' अशा जोड्या असतात. लिमा म्हणजे डाव्या छातीतली धमनी, एसव्हीजी म्हणजे पायाची शीर, ओएम म्हणजे हृदयाच्या बाजूची एक धमनी. ही एक ओळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या दोघांच्या तरी. दहा वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफीची वेळ आली, तर कॅथेटर कुठे न्यायचा हे तिथला डॉक्टर याच ओळीवरून ठरवेल, आणि तोवर मूळ फाइल कुठल्या कपाटात गेली ते कुणालाच आठवणार नाही.